तीन लेकरांसाठी तीन संच? अजिबात नको

पत्र: बाई, आम्ही आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. नऊ एकर कोरडवाहू वावर आहे. मोठी मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा, धाकटी पाचची. तीन वर्षांपूर्वी मोठ्या दोघांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. फी आणि गाडीभाडं भरता भरता कंबर मोडली, अन् पोराला ना इंग्रजी धड वाचता येत, ना मराठी. मोठी चौथीपर्यंत गावच्या शाळेत होती म्हणून तिचं तेवढं बरं आहे. येत्या जूनपासून तिघांनाही घरीच शिकवायचं आम्ही ठरवलंय. मी बी.ए. आहे. पुण्याच्या नणंदेनं एक परदेशी अभ्यासक्रम सुचवलाय, इयत्तावार वेगळा संच असतो, तिघांचे मिळून पस्तीस हजारांच्या वर जातात. सासूबाई म्हणतात, ‘लेकरायले शाळेत नाही धाडत त काय ढोरामागं धाडतं?’ तीन वयांच्या तीन मुलांसाठी कोणता अभ्यासक्रम घ्यावा? मोठी घरीच राहिली तर लहान्यांचा अभ्यास तीच घेईल, मलाही हातभार होईल, असं वाटतं. तुमचं मत कळवा.

ताई,

पस्तीस हजार आधी बँकेतच राहू द्या. त्या संचात काय वाईट आहे म्हणून नाही. तो ज्या घरासाठी बनवलाय ते घर तुमचं नाही, म्हणून. लांबी इंचात, वजन पौंडात, नाणी सेंटची, गोष्टीत बर्फ पडतोय. पुण्याच्या फ्लॅटमध्ये दोन इंग्रजी बोलणारे आईबाप हे सगळं समजावून सांगू शकतात. तुमच्या पोराला आधी आपल्याच भाषेत वाचायला यायचंय. आणि खरी अडचण वेगळीच आहे. तीन संच म्हणजे तीन वेळापत्रकं, तीन पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे, आणि शिकवणारी एकटी तुम्ही. दिवाळीत कापूस वेचणीला आला की त्यातले दोन गठ्ठे माळ्यावर जातील. असे माळ्यावर गेलेले संच मी पुष्कळ पाहिलेत.

माझी बरीचशी नोकरी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांत गेली. चार वर्ग, दोन मास्तर. त्यातला एक पंचायत समितीच्या मिटिंगला गेला की उरला एक. तुमचा प्रश्न आमच्या रोजच्या धंद्याचा होता, त्याला आम्ही बहुवर्ग अध्यापन म्हणायचो. त्यातली मुख्य गोष्ट एवढीच: सगळ्या विषयांना इयत्ता नसते. गणिताला असते आणि वाचन-लेखनाला असते, कारण तिथं एक पायरी चुकली की पुढची चढता येत नाही. पण परिसर, विज्ञान, इतिहास, भूगोल, गोष्टी, चित्रं, गाणी हे सगळ्यांना एकत्र बसवून शिकवता येतं. वरण एकच शिजवायचं, तिखट ज्याच्या त्याच्या ताटात. आम्ही तिसरी-चौथीला एकत्र घ्यायचो, या वर्षी दोघांनाही तिसरीचा परिसर, पुढच्या वर्षी दोघांनाही चौथीचा. कोणाचं काही बिघडलं नाही. शिवाजी महाराजांची अफजलखानाची भेट आठ वर्षांच्या पोराने ऐकली काय अन् दहाच्या पोराने ऐकली काय, दोघांचेही डोळे तेवढेच मोठे होतात.

म्हणून अभ्यासक्रम निवडायचा तो असा. मुख्य धागा बालभारतीचा ठेवा. १९६७ पासून पुण्याची ही संस्था राज्याची पाठ्यपुस्तकं काढते आहे. पुस्तकं स्वस्त असतात, नागपूर आणि अमरावतीला तिची भांडारं आहेत, आणि ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून सगळी फुकट उतरवून घेता येतात. मी बालभारतीची भक्त नाही, काही धडे वाचताना मलाच पेंग यायची. पण तुमच्या लेकरांना उद्या कुठल्याही गावच्या शाळेत परत जायचं झालं तर पूल तोच आहे. बाकी भर तुम्ही घाला. ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक फुकट वाचायला मिळतात, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पातळीवार मराठी गोष्टी आहेत, आणि अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर काडेपेटी, झाकणं, सायकलची ट्यूब यांतून करायचे विज्ञानाचे खेळ आहेत, मराठीतसुद्धा. एवढ्यावर दोन-तीन वर्षं सहज निघतात.

आता मुलाचं. तो चौथीत जाणार म्हणून चौथीचं पुस्तक उघडू नका. आधी तो कुठं उभा आहे ते बघा. दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्या. अडखळला तर पहिलीचा. त्याच्याच शब्दात पाच ओळी लिहायला सांगा, आज काय केलं ते. मग ४३ वजा १८ मांडा. बहुतेक इथं गाडी अडते: पोरं आठातून तीन वजा करून ३५ काढतात, म्हणून मोकळी होतात. पुन्हा पुन्हा गणितं देऊन हे सुटत नाही. तुराट्यांच्या बोटभर काड्या करा, दहादहाचे गठ्ठे सुताने बांधा. चार गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या त्याच्यापुढं ठेवा आणि म्हणा, यातून अठरा दे. तीन सुट्ट्या देईल, मग थांबेल. काही सांगू नका. थोड्या वेळाने तो स्वतःच एका गठ्ठ्याचं सूत सोडेल. त्या सुटलेल्या गठ्ठ्यात हातचा काय असतो ते त्याला कळतं, फळ्यावर शंभरदा सांगूनही कळत नाही ते. असे आठ-दहा दिवस काड्यांवर, मग चित्र काढून, मग अंकांत. घाई करू नका.

इंग्रजी शाळेतून आलेल्या पोरांची आणखी एक गोची असते. ‘फिफ्टी नाईन’ येतं, पण एकोणसाठ म्हटलं की ते ६९ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी जोड दिली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता, टीव्हीवर विनोद झाले. मला मात्र त्यात गैर काही दिसलं नव्हतं. तुम्ही खुशाल ‘पन्नास नऊ, म्हणजे एकोणसाठ’ असं दोन्ही म्हणा. महिन्याभरात बसेल. इंग्रजी सोडू नका, पण तिला भाषा म्हणूनच ठेवा: रोज अर्धा तास, गोष्ट ऐकणं, लहान वाक्यं बोलणं. विज्ञान-गणित मराठीत. आणि घरातलं वऱ्हाडी सुधारत बसू नका. पोरगं ‘मले नाही येत’ म्हणालं तर आधी त्याला काय येत नाही ते बघा, ‘मले’चं ‘मला’ पुस्तक वाचता वाचता आपोआप होईल.

धाकटीला अभ्यासक्रमच नको. राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे पहिलीचं वय सहा. तिचं नाव अंगणवाडीत राहू द्या, तिथं बाकीची पोरं भेटतात. घरी गोष्टी, गाणी, डाळ-तांदूळ निवडताना मोजणं, मातीत रेघोट्या. पाटी हातात द्यायची तर तिनं मागितली तरच.

एकत्र काय शिकवायचं, याचं तुमच्याच वावरातलं उदाहरण देते. एक बोंड आणा. धाकटीने ते उघडून कप्पे मोजायचे, चार का पाच, आणि सरकी वेगळी काढून तिचे पाचपाचचे ढीग करायचे. मुलाने वेचणीचा हिशोब धरायचा: कोणी किती किलो वेचला, साडेबारा किलो म्हणजे किती ग्रॅम, किलोमागे दहा रुपये धरले तर कोणाला किती द्यायचे. मोठीने शेकडेवारी. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव मिळतो, त्याच्यावर बारा टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे कपात होते, अन् बाराच्या वर माल घेतच नाहीत. दहा टक्के ओलाव्याच्या पंचवीस क्विंटलला किती पैसे कमी येतील, हे तिला काढू द्या. बाबांच्या पावतीशी ताडून बघू द्या. त्याच बोंडात गुलाबी बोंडअळी निघाली तर विज्ञानाचा पुढचा आठवडा आयता मिळाला: बाटलीत ठेवा, कोष होतो का बघा, तारखा लिहा. कापूस इथं कधीपासून आला, जिनिंग म्हणजे काय, वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबईला का जायचा, हे इतिहास-भूगोल. सगळं एका बोंडातून.

पावसाळ्यात पर्जन्यमापक करा. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा अंगणात मोकळ्या जागी ठेवायचा, रोज सकाळी आठला पट्टीने मिलिमीटर मोजायचे. धाकटी ढग काढेल, मुलगा आकडा लिहील, मोठी आलेख काढेल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपल्या टिनांवरून किती वाहून गेलं, हे तिला काढायला सांगा. उत्तर ऐकून तुमचे मालकही डोकं खाजवतील.

हे काही नवं नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात तुमच्याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती, गांधीजी अध्यक्ष होते, आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने हातकामातून शिक्षणाचा अभ्यासक्रम तयार केला. नई तालीम ती हीच. सेवाग्रामला आज आनंद निकेतन शाळा त्याच वाटेने चालते, मराठी माध्यमात. आर्वीहून लांब नाही. परवानगी घेऊन एक दिवस बघून या, तिघांनाही न्या. संच विकणाऱ्यापेक्षा तिथल्या ताया तुम्हाला जास्त सांगतील.

एक मात्र सांभाळा. वावरात शिकवायला नेणं निराळं, राबायला नेणं निराळं. लेकरू घरी आहे म्हटलं की त्याच्या हातात कामं येऊन पडतात, कोणी मुद्दाम देत नाही, पण पडतात. सासूबाईंचा टोमणा तुम्हाला झोंबला असेल, पण त्यांची भीती अगदीच खोटी नाही.

त्यामुळे तुमच्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नाशी मी सगळ्यात जास्त थांबले. मोठीने लहान्यांचा अभ्यास घ्यायचा. नाही, ताई. आज अभ्यास घेईल, उद्या पाणी भरेल, परवा तुम्ही वेचणीला गेल्या की स्वयंपाक तिच्याकडे. तेरा वर्षांची हुशार पोरगी वर्षभरात घरची बिनपगारी मास्तरीण होते आणि तिचा स्वतःचा अभ्यास रात्री नऊनंतर सुरू होतो. धाकटीला एखादी गोष्ट वाचून दाखवली तर छान, वाचणाऱ्याचंही वाचन सुधारतं. पण रोजचा वर्ग तिच्या माथी नको. उलट तिच्या अभ्यासाचे तीन तास भिंतीवर लिहून ठेवा, त्या वेळात तिला कोणी हाक मारायची नाही, पाहुणे आले तरी.

आणि तिला खरंच घरी ठेवायचं आहे का, हे एकदा तिलाच विचारा. तुमच्या पत्रात मुलाचं रडगाणं आहे, खर्चाचं आहे, तिचं मत कुठंच नाही. आठवीपासून बीजगणित वाढतं, विज्ञानात प्रयोग येतात, ते बी.ए. आईला एकटीने ओढणं जड जाईल. जवळच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात तिचं नाव घालता येईल. शाळकरी मुलींना एसटीचा पास मोफत असतो, तुमच्या तालुक्यात मानव विकासची निळी गाडी येत असेल तर तीही मुलींसाठीच आहे. माझ्या मते तिच्यासाठी हाच रस्ता बरा. घरशाळा नऊच्या आणि पाचच्या लेकरांना जशी मानवते तशी चौदाच्या उंबरठ्यावरच्या मुलीला मानवेलच असं नाही, तिला मैत्रिणी लागतात. पण ती ठामपणे घरीच म्हणाली तर दहावीचे रस्ते आजच माहीत असू द्या.

एक, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावी. तो परीक्षेच्या आदल्या वर्षीच भरावा लागतो आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. दुसरा, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. चौदा पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं, मराठी माध्यम आहे, पाच विषय घ्यायचे, वर्षातून दोनदा परीक्षा होते आणि एका नोंदणीवर पाच वर्षांत विषय सुटे सुटे सोडवता येतात. तिसरा, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ, त्यांच्या पाचवी, आठवी, दहावी, बारावी अशा पातळ्या आहेत. एनआयओएसमध्ये विषय निवडायची मोकळीक असल्याने लोक गणिताला बगल देऊन गृहविज्ञान, चित्रकला घेतात. तिला पुढं पॉलिटेक्निक, नर्सिंग, असं काही करायचं असेल तर गणित आणि विज्ञान सोडू देऊ नका. तेराव्या वर्षी तिला ते ठरवता येणार नाही, म्हणून दार उघडं ठेवायचं.

कायद्याचं थोडक्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत दाखल करणं पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पालकांना दंड मात्र सांगितलेला नाही. घरशिक्षणाचं नाव त्यात नाही, परवानगी म्हणूनही नाही, बंदी म्हणूनही नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गावचे गुरुजी दारात येतील. त्यांच्याशी भांडू नका, चहा द्या, वह्या दाखवा. त्याच कायद्याने चौदापर्यंतच्या लेकराला वयानुरूप वर्गात कधीही दाखल करून घ्यावंच लागतं, म्हणजे परतीची वाट शाबूत आहे. घरी राहून काय हुकेल तेही ऐका: नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, प्रवेश परीक्षेला बसायचं तर पाचवीत जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकत असावं लागतं, ग्रामीण जागेसाठी तिसरी-चौथीसुद्धा खेड्यातल्या शाळेत झालेली लागते. शिष्यवृत्ती परीक्षाही शाळेतूनच भरतात. मुलाला नवोदयला बसवायचं मनात असेल तर त्याला चौथीला गावच्या शाळेत नाव घालून, संध्याकाळी घरी काड्यांचे गठ्ठे सोडवणं, हा पर्यायही वाईट नाही. फी शून्य, गाडीभाडं शून्य. मराठी शाळेचा कमीपणा वाटतो म्हणून हा पर्याय तुमच्या पत्रात आलाच नाही, असं मला उगाच वाटून गेलं.

दिवस कसा लावायचा? सकाळी दोन तास पुरे, मोठीचे भिंतीवरचे तीन तास वेगळे. पहिला पाऊण तास मुलाचं गणित तुमच्यासोबत, तेव्हा मोठी (घरी असली तर) आपलं वाचेल, धाकटी चिंचोके मांडेल. मग मुलगा लेखी करेल, तुम्ही मोठीजवळ. एकाला तोंडी तेव्हा दुसऱ्याला लेखी, बहुवर्गाची हीच किल्ली. शेवटचा अर्धा तास तिघं एकत्र, एका गोष्टीला किंवा प्रयोगाला. दुपारी काही नाही. विदर्भात शाळासुद्धा उन्हामुळे जूनच्या शेवटाला उघडतात, तुम्ही तर घरच्या धनी, पेरणीचा आठवडा आणि वेचणीचे दिवस हलके ठेवा, डिसेंबर-जानेवारीत भरून काढा. व्हॉट्सॲपवर कोणाचं लेकरू कुठल्या पानावर पोचलं ते बघू नका.

कागद मात्र आत्ताच गोळा करा. जुन्या शाळेची फी बाकी असेल तर ती मिटवून दोघांचे दाखले घ्या, दाखल्यावर नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि जात नीट तपासा, पुढं जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला हाच कागद विचारतात. यूडायसचा, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला, कायम शिक्षण क्रमांक लिहून घ्या. धाकटीचा जन्मदाखला ग्रामपंचायतीतून काढून ठेवा. घरी प्रत्येकाची तारखेनिशी एक वही, महिन्याला दोन-तीन कागद फाईलला. हे सगळं मेअखेरपर्यंत उरका, जूनमध्ये शाळेच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते.

नणंदबाईंना वाईट वाटू नये म्हणून सांगा, संचाचं पुढच्या वर्षी बघू.